केमोनंतर कानात शिट्टी आणि ऐकू कमी: पुढच्या डोसआधी काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ५८ वर्षांचे आहेत. घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू आहे आणि सोबत दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. दोन डोस झाले, तिसरा दहा-बारा दिवसांवर आहे. दुसऱ्या डोसनंतर ताप आला तेव्हा अमिकासिन या अँटिबायोटिकची पाच इंजेक्शनं दिली गेली. आता दोन्ही कानांत शिट्टी वाजते, नात काय बोलते ते कळत नाही, टीव्हीचा आवाज वाढत चाललाय. वॉर्डात विचारलं तर "होतं असं, केमो संपली की बघू" एवढंच उत्तर मिळालं. आता तिसरा डोस नको म्हणावं का आणि गेलेलं ऐकू परत यायला काही गोळी असते का, हे तुम्हाला हवं आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. केमो चालू असलेल्या रुग्णांचं ऐकणं तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. आधी दोन स्पष्ट गोष्टी सांगतो. डोस स्वतःच्या मनाने थांबवू नका, कारण आजार जिवावरचा आहे. आणि "संपल्यावर बघू" हे ऐकून गप्पही बसू नका, कारण या नुकसानाचं जे काही करता येतं ते दोन डोसांच्या मधल्या दिवसांतच करता येतं. तिसरा डोस जाईपर्यंतचे हे दहा-बारा दिवस सगळ्यात मोलाचे आहेत.

वडील बहुधा म्हणत असतील, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." ही तक्रार मी इतक्या रुग्णांच्या तोंडून ऐकली आहे की त्यावरूनच औषधाचा संशय येतो. आतल्या कानात कॉक्लिया नावाचा शंखासारखा भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १२ हजार बाह्य केसपेशी असतात आणि आलेला बारीक आवाज वाढवून पुढे देणं हे त्यांचं काम. सिस्प्लॅटिन रक्तातून तिथे पोहोचतं आणि या पेशी मारायला लागतं. सुरुवात होते ती शंखाच्या रुंद टोकाकडून, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जिथे टिपले जातात तिथून. त्यामुळे आधी जातात ते स, श, फ यांसारखे व्यंजनांचे आवाज आणि बायकामुलांचं बोलणं. 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. स्वर मात्र खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात, म्हणून माणसाला वाटतं की ऐकू तर येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा लक्ष नाही. या गोंधळात आठवडे निघून जातात.

मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: गेलेलं ऐकणं परत आणणारी गोळी, इंजेक्शन किंवा थेंब आज उपलब्ध नाहीत. बी-१२ची कमतरता रक्ततपासणीत दिसली असेल तर बी-१२ जरूर घ्या, पण त्याने केसपेशी परत येणार नाहीत. 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांचंही तेच. आणि केमो-रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगाच्या डॉक्टरांना, न सांगता सुरू करणं मला धोक्याचं वाटतं, कारण जे पेशींना वाचवतं ते गाठीच्या पेशींनाही वाचवू शकतं.

तरीसुद्धा "आता काही होणार नाही" असं मी पहिल्या भेटीत कधीच म्हणत नाही. कारण सगळं नुकसान औषधाचंच असतं असं नाही. घशाला आणि नाकामागच्या भागाला रेडिएशन मिळतं तेव्हा घसा आणि मधला कान जोडणारी नळी सुजते आणि पडद्यामागे पाणी साचतं. ते नुकसान बरं होण्यासारखं असतं. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पडदा बघणं आणि टिम्पॅनोमेट्री करणं ही पहिली पायरी. टिम्पॅनोमेट्रीला दोन-तीन मिनिटं लागतात, दुखत नाही, आणि पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं.

दुसरं, बिघाड एका कानात आहे की दोन्ही, ते बघा. सिस्प्लॅटिन आणि अमिकासिन बहुतेक वेळा दोन्ही कानांना सारखंच लागतं. वडिलांचा एक कान दुसऱ्यापेक्षा फारच वाईट असेल तर वेगळं कारण शोधलं पाहिजे. आणि एक कान अचानक, एक-दोन दिवसांत गेला असं कधी झालं तर केमोवर ढकलून थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा. अचानक आलेल्या बहिरेपणात स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

आता मुख्य काम, ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख. खरं तर तो पहिल्या डोसआधीच व्हायला हवा होता, आणि नंतर प्रत्येक डोसआधी एकदा. पहिला नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आज होईल तो पहिला धरू. वडिलांनी पूर्वी कारखान्यात नोकरीला लागताना किंवा वैद्यकीय तपासणीत कधी कानाची तपासणी केली असेल तर तो जुना कागद शोधा, फार उपयोगी पडतो.

तपासणीला जाताना एक गोष्ट आग्रहाने सांगा. नेहमीची तपासणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत होते (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप). पण औषधाचं नुकसान ८००० च्या वरून सुरू होतं. म्हणून हाय फ्रीक्वेन्सी ऑडिओमेट्री, म्हणजे साधारण १६००० हर्ट्झपर्यंतची तपासणी, आणि ओएई असं दोन्ही मागा. ओएई म्हणजे कानात छोटी नळी ठेवून बाह्य केसपेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी. त्यात रुग्णाला काही उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळे थकलेल्या माणसातही करता येते. प्रत्येक गावात वरच्या पट्टीचं यंत्र नसतं. नसेल तर साधा ऑडिओग्राम तरी कराच, पण ६००० आणि ८००० वर आवर्जून मोजायला सांगा. पडद्यामागे पाणी असेल तर ओएई येणार नाही आणि ते केसपेशींचं नुकसान म्हणून वाचलं जाईल, म्हणून टिम्पॅनोमेट्री आधी.

आम्ही बिघाड कधी धरतो? आधीच्या तपासणीच्या तुलनेत कुठल्याही एका पट्टीत २० डेसिबल किंवा जास्त घसरण, किंवा शेजारच्या दोन पट्ट्यांत १० डेसिबल किंवा जास्त, किंवा आधी प्रतिसाद येत होता अशा लागोपाठ तीन पट्ट्यांत प्रतिसादच नाही. घसरण दिसली की पुन्हा तपासून खात्री करतो. नुसतं "बाबांना कमी ऐकू येतं" हे वाक्य गजबजलेल्या ओपीडीत हरवून जातं. "४००० वर उजवीकडे ५५, डावीकडे ६०" असा कागद टेबलावर ठेवला की ऑन्कोलॉजिस्टला त्यावर निर्णय घ्यावाच लागतो. माझा अनुभव असा की डॉक्टर निष्काळजी असतात म्हणून हा विषय मागे पडतो असं फार कमी वेळा होतं. त्यांच्यासमोर आकडा आलेलाच नसतो.

मग तिसऱ्या डोसचं काय? हा निर्णय ऑन्कोलॉजिस्टचा आणि वडिलांचा आहे. मी तो इथून देऊ शकत नाही, कारण गाठीचा टप्पा, किडनीची स्थिती, रेडिएशन किती उरलंय हे सगळं त्यात येतं. पण कोणते प्रश्न विचारायचे ते सांगतो. डिस्चार्ज कार्डावर सिस्प्लॅटिनचा डोस बघा. तीन आठवड्यांच्या पद्धतीत तो बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम असतो. दोन डोस म्हणजे एकूण २००. डोकं-मानेच्या कर्करोगात रेडिएशनसोबत एकूण २०० ही मात्रा अनेक तज्ज्ञ महत्त्वाचा टप्पा मानतात. तिथपर्यंत पोहोचलेल्या रुग्णात तिसऱ्या डोसने आणखी किती फायदा होईल आणि कानाचं किती जाईल, हा खुला, रास्त प्रश्न आहे. तो तसाच विचारा: "एकूण २०० झाले आहेत, ऐकण्याचा हा रिपोर्ट आहे, तिसऱ्या डोसचा यांच्यासाठी फायदा किती?"

पर्याय नाहीत असंही नाही. जपानमधल्या एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना आठवड्याला ४० मिलिग्रॅमची पद्धत दिली, ती तीन आठवड्यांच्या १०० पेक्षा कमी पडली नाही आणि ऐकण्याचा त्रास त्यात कमी दिसला. तो अहवाल २०२२ मध्ये आला. पण सरसकट 'आठवड्याचा छोटा डोस बरा' असंही म्हणता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला ३० मिलिग्रॅमवर दोन वर्षांनी स्थानिक आजार काबूत राहण्याचं प्रमाण ५८.५ टक्के होतं, तीन आठवड्यांच्या १०० वर ७३.१ टक्के. मोठ्या डोसचे दुष्परिणाम जास्त होते, पण आजारावर पकडही जास्त होती. म्हणून कानाचा माणूस असूनही मी कधी "कान वाचवा, डोस सोडा" असं म्हणत नाही.

ज्यांना सिस्प्लॅटिन देताच येत नाही अशांसाठी टाटा मेमोरियलनेच रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध देऊन पाहिलं. २०२३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत नुसत्या रेडिएशनपेक्षा डोसिटॅक्सेल घेतलेल्यांचे निकाल सरस होते. ऐकण्यात आधीच मोठा बिघाड असणं हे सिस्प्लॅटिन टाळण्याचं मान्य कारण आहे. याशिवाय कार्बोप्लॅटिन हे सिस्प्लॅटिनच्याच जातीचं औषध आहे, नेहमीच्या डोसमध्ये ते कानाला पुष्कळ सौम्य. वडिलांना यातलं काय लागू पडेल ते त्यांचे डॉक्टर सांगतील, तुम्ही फक्त विषय काढा.

आता अमिकासिनबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली हीच गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित राहिली आहे. अमिकासिन, जेन्टामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन ही एकाच घरातली अँटिबायोटिक्स. तीही त्याच केसपेशी मारतात, तेही कायमचं. जेन्टामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोल सांभाळणाऱ्या भागाला जास्त लागतात, अमिकासिन आणि कॅनामायसिन ऐकण्याला. कानाच्या आत ती बराच काळ टिकून राहतात, त्यामुळे इंजेक्शन बंद झाल्यावर काही आठवड्यांनीही घसरण दिसू शकते. पांढऱ्या पेशी उतरून ताप आलेल्या माणसाला अँटिबायोटिक द्यावंच लागतं, तिथे तासांचा प्रश्न असतो आणि डॉक्टरांनी दिलं ते जीव वाचवायलाच. पण पुन्हा ताप आला तर भरती करतानाच सांगा: "सिस्प्लॅटिन चालू आहे, ऐकणं कमी झालंय, अमिकासिनऐवजी दुसरं चालेल का?" बऱ्याचदा चालतं. तापाच्या वेळी दवाखाना वेगळा असतो, डॉक्टर वेगळे असतात आणि कानाची गोष्ट त्यांना माहीतच नसते. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

त्याच पानावर आणखी दोन औषधं लिहा. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं इंजेक्शन. शिरेतून भराभर दिलं तर एकटंही तात्पुरतं ऐकणं कमी करतं आणि अमिकासिन किंवा सिस्प्लॅटिनच्या जोडीला आलं तर नुकसान वाढवतं. लागलंच तर सावकाश द्यावं. दुसरं म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. रेडिएशनमुळे तोंड आलेलं असतं, गिळताना जीव जातो, मग घरातली गोळी दिली जाते. ती किडनीवर येते, आणि किडनी मंदावली की सिस्प्लॅटिन व अमिकासिन शरीरात जास्त वेळ राहतं. वेदनेसाठी डॉक्टरांकडून दुसरं औषध मागून घ्या. गिळवत नाही म्हणून पाणी कमी जात असेल तर तेही लगेच सांगा, सलाईन किंवा नळीने भरून काढता येतं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा, रिपोर्ट प्रत्येक डोसआधी स्वतः बघत जा. हृदयासाठी ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती कानाच्या भीतीने बंद करू नका. ॲस्पिरिनने कान वाजतात ते फार मोठ्या डोसला, आणि ते बहुतेक परत येतं.

एक प्रश्न आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, किंवा आत्या-काकांना विचारा: त्यांच्या घरात कुणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आलं होतं का? काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात एक बदल असतो, तो आईकडून मुलांकडे जातो, आणि अशा माणसाला अमिकासिनच्या घरातल्या औषधाचा थोडा डोसही मोठा बहिरेपणा आणू शकतो. तुमच्याकडे तो वडिलांकडून येणार नाही, पण त्यांची भावंडं आणि आत्यांची मुलं यांच्यासाठी ही माहिती महत्त्वाची आहे.

वेगळं औषध वापरणं हाच सगळ्यात खात्रीचा बचाव, हे टीबीत तर स्पष्टच दिसलं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली जात आणि कित्येक तरुण रुग्ण बरे होऊन बहिरे झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिनची शिफारस काढून घेतली आणि बेडाक्विलिनसारख्या तोंडाने घ्यायच्या औषधांना पुढे आणलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांनी टीबीच्या उपचारात ऐकणं गमावलं. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याला भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. रुग्णांनी कानाचा प्रश्न लावून धरला की काय घडू शकतं, त्याचं हे उदाहरण मी रुग्णांच्या मुलांना मुद्दाम सांगतो.

कान वाचवणारं औषध केमोसोबत देता येतं का, हेही तुम्ही वाचलं असेल. लहान मुलांसाठी एक आहे. सोडियम थायोसल्फेट, सिस्प्लॅटिन संपल्यावर ६ तासांनी शिरेतून देतात. यकृताच्या गाठींच्या मुलांवरच्या चाचणीत ऐकण्याचा बिघाड ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ती मान्यता न पसरलेल्या गाठी असलेल्या मुलांपुरती आहे. गाठ पसरलेल्या मुलांत त्याने केमोचा परिणाम कमी होतो की काय, अशी शंका दुसऱ्या एका चाचणीत आली. मोठ्या माणसांच्या घशाच्या कर्करोगात ते नेहमीच्या उपचाराचा भाग नाही, म्हणून वडिलांसाठी त्याच्या मागे धावू नका.

थोडक्यात पुढच्या आठवड्याचा क्रम: कान दुर्बिणीने बघणं आणि टिम्पॅनोमेट्री, मग वरच्या पट्टीपर्यंतचा ऑडिओग्राम आणि ओएई, मग तो कागद आणि डोसची बेरीज घेऊन ऑन्कोलॉजिस्टची भेट. हे सगळं तिसऱ्या डोसच्या किमान दोन दिवस आधी, डे केअरमध्ये सलाईन लावायच्या वेळी नाही.

निर्णय काहीही होवो, तपासणी तिथे संपत नाही. सिस्प्लॅटिन कॉक्लियात महिने, कधी वर्षंही राहतं आणि रेडिएशनचा कानावरचा परिणाम उशिरा दिसू शकतो. म्हणून उपचार संपल्यावर एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा ऑडिओग्राम करा. या काळात मोठा आवाज टाळणं फार गरजेचं आहे. दुखावलेल्या केसपेशींना गोंगाट जास्त बाधतो. यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा आणि डीजेपासून त्यांना लांब ठेवा, घरात मिक्सर लावतानाही दुसऱ्या खोलीत बसवा.

आता ऐकण्याच्या मशिनबद्दल. उपचार संपल्यावर महिनाभराने ऑडिओग्राम स्थिर दिसला की मशिन बसवणं सोयीचं, नाहीतर आकडे बदलतात. शिवाय रेडिएशनमुळे कानाजवळची कातडी सोललेली असेल तर मशिनचा कानात बसणारा साचा टोचतो. पण बोलणंच तुटलं असेल तर थांबायची गरज नाही, तात्पुरतं ट्रायलला मिळतं. या प्रकारच्या नुकसानात कान पूर्ण न बुजवणारं, वरच्या पट्ट्या वाढवणारं मशिन चांगलं चालतं. घाईत जाहिरातीतलं, सगळेच आवाज सारखे वाढवणारं यंत्र घेऊ नका. त्याने खालचे आवाज कर्कश होतात आणि माणूस मशिन कपाटात टाकतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते आणि उत्पन्नाच्या अटीत बसल्यास दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशिन मिळतं, चौकशी जरूर करा. मशिनने भागत नाही इतकं ऐकणं गेलं तर कॉक्लियर इम्प्लांट असतं, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र. पेशी गेल्या तरी नस बहुधा शाबूत असते, त्यामुळे औषधाने बहिरे झालेल्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. वडिलांच्या वर्णनावरून ती वेळ आलेली दिसत नाही.

शिट्टीचं म्हणाल तर रात्री शांततेत ती जास्त त्रास देते. पंखा किंवा अगदी हळू रेडिओ चालू ठेवा. झोप उडत असेल तर डॉक्टरांना सांगा. चालताना झोकांड्या जाणं, अंधारात तोल जाणं, चालताना समोरचं हलताना दिसणं, यातलं काही असेल तर तोलाचीही तपासणी करून घ्या, त्यासाठी वेगळे व्यायाम असतात.

घशाच्या उपचारात माणसाचं स्वतःचं बोलणंही जड होतं. बोलता येत नाही आणि ऐकूही येत नाही, असं दोन्ही एकदम आलं की माणूस जेवणाच्या वेळी सुद्धा बाजूला बसायला लागतो. नातीला सांगा, आजोबांच्या समोर येऊन, टीव्ही बंद करून, नेहमीच्याच आवाजात पण सावकाश बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडल्याने स आणि श आणखी हरवतात. कळलं नाही तर तेच वाक्य दोनदा न म्हणता शब्द बदलून म्हणायचं.

ही घटना डॉक्टरांमार्फत किंवा स्वतः औषध दुष्परिणाम नोंदणीच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवता येते. दोष लावण्यासाठी ही नोंद नसते, देशाचा हिशेब पुरा होण्यासाठी असते.

ऑडिओग्राम हातात आला की २०००, ४०००, ६००० आणि ८००० या आकड्यांखालचे दोन्ही कानांचे डेसिबल, टिम्पॅनोमेट्रीचा प्रकार आणि डिस्चार्ज कार्डावरचा सिस्प्लॅटिनचा डोस एवढं मला कळवा. नाव, पत्ता, दवाखाना काही लिहू नका. त्यावरून मशिनचं आणि पुढच्या तपासण्यांचं जास्त नेमकं सांगता येईल.